खडकाच्या फटीतलं झाड अंगणात आणताना

माझं माहेर सांगोल्याकडचं. त्यामुळे कमी पाण्यावर झाड कसं जगवायचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. अमेरिकेत युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ घर घेतल्यावर अंगणात पहिलं झाड लावलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ते मारलं. रोपाला अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘अवर्षणात तग धरणारं, इथलंच स्थानिक’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. झाड मेलं ते पाणी जास्त झाल्यामुळे.

ते झाड होतं एकपानी ॲश. शास्त्रीय नाव फ्रॅक्सिनस अनॉमला. नंतर त्याच जातीचं दुसरं रोप लावलं, ते आता पाचव्या वर्षात आहे आणि उन्हाळ्यात त्याला महिन्याकाठी एकदा पाणी मिळालं तरी पुरतं. मधल्या काळात जे वाचलं, विचारलं आणि उकरून पाहिलं, ते इथे सांगते. ‘हे झाड दुष्काळात तगतं’ असं आपण सहज म्हणतो. पण तगतं म्हणजे झाडाच्या आत नेमकं काय घडतं, आणि ते घडायला आपण काय करायचं असतं, हे या एका झाडावरून चांगलं समजतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. ॲश म्हणजे राख, पण या झाडाचा राखेशी संबंध नाही. इंग्रजीत दोन वेगळे शब्द काळाच्या ओघात एकसारखे झाले, एवढंच. क्रिकेटच्या दृष्टीने पाहिलं तर बॅट विलोची आणि स्टंप परंपरेने ॲशचे, म्हणजे नाव माहीत नसलं तरी हे लाकूड आपण टीव्हीवर हजारदा पाहिलेलं आहे. आणि कूळ पाहिलं तर नातं आणखी जवळचं निघतं. जाई, जुई, मोगरा, पारिजातक आणि ऑलिव्ह ज्या कुळातले, त्याच ओलिएसी कुळातला हा ॲश. वासाच्या बाबतीत मात्र याने घराण्याचं नाव राखलेलं नाही. एकपानी ॲशची फुलं बारीक, हिरवट पिवळी, पाकळ्या नसलेली. वसंतात येऊन जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

ॲशचं पान साधारणपणे कडुलिंबासारखं संयुक्त असतं. आपण ज्याला लिंबाची डहाळी समजतो ते खरं तर एकच पान, त्यावर ओळीने पर्णिका. या जातीने तो थाटच सोडून दिला आहे. बहुतेक ठिकाणी देठावर एकच गोलसर, चामड्यासारखं जाड पान, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. कधी त्याच झाडावर दोन-तीन पर्णिकांची पानंही सापडतात. घराण्याच्या रीतीला हा अपवाद, म्हणून नाव अनॉमला. आणखी एक खूण म्हणजे कोवळी काडी बोटांत फिरवली की ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. उंची २ ते ६ मीटर. झाड म्हणावं की मोठं झुडूप, असा प्रश्न पडेल इतपत.

याचं घर म्हणजे कोलोराडो पठार: युटा, पश्चिम कोलोराडो, उत्तर ॲरिझोना, न्यू मेक्सिकोचा वायव्य कोपरा, आणि तिथून पुढे नेवाडा नि पूर्व कॅलिफोर्नियातले काही डोंगर. झायन, आर्चेस, कॅन्यनलँड्स, ग्रँड कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानांची नावं पर्यटनामुळे ओळखीची आहेत. त्या लाल दगडांच्या फोटोंत फटीतून वर आलेलं एखादं हिरवं झुडूप दिसलं, तर ते बऱ्याचदा हेच असतं.

पाऊस किती, आणि कधी

आर्चेसच्या शेजारी मोआब नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला सरासरी सुमारे २३० मिलिमीटर पाऊस पडतो, बर्फ धरून. आमच्या सांगोल्याकडे ढोबळमानाने ५०० मिलिमीटर पडतो आणि त्याला आपण कायम दुष्काळी पट्टा म्हणतो. सॉल्ट लेक सिटीत सुमारे ४०० मिलिमीटर. म्हणजे मी सांगोल्याहून कोरड्या गावात राहायला आले, आणि इथे घरोघरी हिरवळ! पहिल्या वर्षी मला याचं कौतुक वाटलं, दुसऱ्या वर्षी पाण्याचं बिल पाहून कोडं पडलं. २०२२ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकची पातळी आजवरच्या नोंदींत सर्वांत खाली गेली, तेव्हा कौतुक संपलं.

पण नुसता आकडा फसवतो. पाऊस कधी पडतो हे जास्त महत्त्वाचं. महाराष्ट्रात ऊब आणि पाऊस हातात हात घालून येतात. जून ते सप्टेंबर जमीन गरमही असते आणि ओलीही. सॉल्ट लेकच्या बाजूला बहुतेक पाणी हिवाळ्यात नि वसंतात येतं, आणि जुलैत, झाडाला सर्वांत जास्त तहान असते तेव्हा, आकाश कोरडं. बर्फाचा फायदा एवढाच की तो हळूहळू वितळतो, वाहून न जाता खोल मुरतो. मोआबच्या बाजूला आणि ॲरिझोनात उन्हाळ्याच्या शेवटी थोड्या सरी येतात. त्यांना इथले लोक ‘मॉन्सून’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं.

थोडक्यात, इथल्या झाडापुढचा प्रश्न असा असतो की एप्रिलमध्ये खोल मुरलेलं पाणी सप्टेंबरपर्यंत पुरवायचं कसं.

झाडाच्या आतली मोटर

झाडात पंप नसतो. पानांतून पाण्याची वाफ होते, त्या ओढीने खोडातल्या बारीक नळ्यांतलं पाणी वर खेचलं जातं आणि त्याच्या मागोमाग मुळांतलं. मुळापासून पानापर्यंत पाण्याची अखंड साखळी ताणलेली असते. जमीन वाळत जाते तसा हा ताण वाढतो, कारण मातीचे कण उरलेलं पाणी घट्ट धरून ठेवतात. ताण एका हद्दीपलीकडे गेला की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि साखळी तुटते. विहिरीवरची मोटर एअर धरते तसंच हे. मोटर चालू, पाणी बंद. झाडाच्या अशा बऱ्याच नळ्यांनी हवा धरली की फांद्या टोकाकडून वाळायला लागतात.

कोरड्या प्रदेशातलं झाड हे टाळण्यासाठी बरंच काही करतं. ताण वाढतोय हे कळताच पानांवरची पर्णरंध्रं लवकर मिटून घेतं. याची किंमतही असते. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न तयार होत नाही, वाढ थांबते. म्हणून अशी झाडं हळू वाढतात. कुठे ‘दुष्काळात तगणारं आणि झपाट्याने वाढणारं’ झाड विकायला दिसलं, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या नसतील असं मी आता धरून चालते.

दुसरी युक्ती पानाच्या आकारात आहे. मोठं पान उन्हात तापतं आणि गार होण्यासाठी त्याला पाणी उडवावं लागतं. लहान पानाभोवती स्थिर हवेचा थर पातळ असतो, त्यामुळे उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते, पाणी खर्च होत नाही. बोर, खैर, शमी, हिवर यांची पानं आठवा. आपल्या माळरानावरच्या झाडांनीही हेच उत्तर काढलं आहे. काहींनी पर्णिका इवल्याशा केल्या, या ॲशने पर्णिकांची संख्याच एकावर आणली.

ॲशच्या बहुतेक जातींची आणखी एक खोड आहे. वसंतात त्या लाकडाच्या नव्या कड्यात मोठ्या तोंडाच्या नळ्या तयार करतात, कारण गेल्या वर्षीच्या मोठ्या नळ्या हिवाळ्यात गोठून आणि वितळून हवा धरून बसलेल्या असतात. नव्या नळ्या झाल्याशिवाय पालवी नाही. त्यामुळे शेजारपाजारची झाडं हिरवी होऊन गेली तरी ॲश काटक्यांसारखा उभा. माझ्या दुसऱ्या रोपाला मी पहिल्या वसंतात जवळजवळ उपटलंच होतं. मे उजाडला तरी कळी नाही. नखाने साल किंचित खरवडली, आत हिरवं दिसलं, म्हणून वाचलं.

खडकाचं गणित

या सगळ्यांत मला सर्वांत मोठा धडा मिळाला तो मोआबजवळच्या एका उघड्या कातळावर. तिथे सपाट, गुळगुळीत दगडाच्या मधोमध एका फटीत हा ॲश उभा होता. माती म्हणावी तर ओंजळभर. माझ्या अंगणात दिवसाआड पाणी मिळूनही झाड मेलं, आणि हा इथे कशावर जगतो?

हिशोब करून पाहू. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. झाडाचा घेर ४ मीटर व्यासाचा धरला तर त्याच्याखाली सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा. २३० मिलिमीटर पावसाने तिथे वर्षाला २,९०० लिटरच्या आसपास पाणी पडतं. हे फारच थोडं. पण कातळावर पडलेला पाऊस मुरत नाही, तो उताराने वाहतो आणि जवळच्या फटीत उतरतो. आजूबाजूच्या ४०-५० चौरस मीटर दगडावरचं पाणी एकाच फटीत आलं, तर त्या झाडाला मिळणारा पाऊस तीन-चार पटींनी वाढतो. वर दगडाचं झाकण असल्यामुळे उन्हाने ते पाणी उडतही नाही. झाडाची मुळं फटीतून खोल जाऊन त्या ओलीवर बसतात. गडाच्या तटबंदीत उगवलेला पिंपळ भर वैशाखात हिरवा दिसतो, त्यामागेही अशीच फटीतली ओल असते.

म्हणजे त्या झाडाला दोन गोष्टी मिळत होत्या: कधीतरीच पण खोलवर जाणारं पाणी, आणि मुळांना भरपूर हवा. माझ्या अंगणात याच्या अगदी उलट चाललं होतं. तुषार-सिंचनाची पाळी दिवसाआड, दर वेळी दहा मिनिटं. पाणी वरच्या दोन-तीन इंचांतच राहणार आणि ती चिकणमाती कधी वाळणारच नाही. आपल्याकडे शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात, म्हणजे माती ओलीही आहे आणि तिच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, तो क्षण माझ्या झाडाला कधी मिळालाच नाही. मेलेलं रोप उपटलं तेव्हा मुळं दीड वर्षानंतरही कुंडीच्याच आकारात गोल गुंडाळलेली होती. बाहेर पडायचं त्यांना कारणच नव्हतं.

लावताना

लागवड शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी, नाहीतर वसंतात जमीन मोकळी होताच. शरद ऋतू बरा, कारण हवा गार होते पण माती अजून उबदार असते, आणि पानांचं ओझं नसताना मुळांना वाढायला वेळ मिळतो. जागा पूर्ण उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी, आणि हिरवळीपासून दूर. हिरवळीला जे पाणी लागतं ते या झाडाला विष आहे. दोघांना एकाच नळावर ठेवू नका.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याइतकीच. यावरून माहेरी फोनवर बोलताना अप्पांचं नि माझं वाजलं. त्यांच्या हिशोबात खड्डा म्हणजे दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल, तळाला पालापाचोळा, वर शेणखत. “अगं, मुरमात झाड लावायचं तर पोटाला काहीतरी घालशील की नाही?” मुरमात ते खरंही आहे. पण घट्ट चिकणमातीत भुसभुशीत खताचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली होते. पाणी त्यात साठतं, आणि मुळं त्या मऊ कप्प्यातून बाहेरच्या टणक मातीत जायला तयार होत नाहीत. शिवाय तळाचं खत कुजून बसलं की झाडही खाली बसतं. म्हणून खोदून काढलेलीच माती परत भरायची. या झाडाला खत नको. जास्त नत्र मिळालं तर मऊ, पाणीदार फुटवा येतो आणि तो पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकतो.

कुंडीतून काढल्यावर गोल फिरलेली मुळं कात्रीने सरळ कापावीत. जीव कासावीस होतो, पण न कापलेलं मूळ पुढे जाऊन खोडालाच फास लावतं. खोड जिथे पसरट होऊन मुळांत मिसळतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. नर्सरीतल्या रोपांत तो बऱ्याचदा इंच-दोन इंच पुरलेला असतो. वरची माती खरवडून तो शोधावा. वरून लाकडाचे तुकडे किंवा बारीक खडीचं आच्छादन, ७ ते १० सेंटिमीटर, खोडाला न टेकवता. हे झाड खडकातलं असल्यामुळे मला खडी आवडली, पण पहिल्या वर्षी मातीचा ताप कमी ठेवायला लाकडाचे तुकडे जास्त उपयोगी पडले.

मातीबद्दल एक गोष्ट या झाडाच्या बाजूची आहे. युटातली माती चुनखडीची, अल्कधर्मी, सामू (पीएच) ७.५ ते ८च्या घरात. अशा जमिनीत लोह असून झाडाला घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे उसाला, भुईमुगाला केवडा पडतो तोच प्रकार. हौसेने आणलेले पूर्वेकडचे मेपल आणि ओक इथे असे पिवळे पडून उभे असतात. एकपानी ॲश मुळात याच जमिनीतला, त्यामुळे त्याला केवड्याचा त्रास सहसा नाही.

पाणी: आधी द्यायचं, मग सोडवायचं

दुष्काळ सोसायची ताकद खोल गेलेल्या मुळांत असते. नव्या रोपाला मुळंच तेवढी नसतात, त्याची सगळी दुनिया कुंडीएवढी. म्हणून स्थानिक झाड असलं तरी पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावंच लागतं. प्रश्न कसं द्यायचं याचा.

मी केलं ते असं. मुळांच्या गोळ्याहून मोठं आळं केलं आणि सावकाश, तास-दोन तास ठिबकत राहील असं २० ते ४० लिटर पाणी सोडलं, म्हणजे ओल ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत उतरते. पहिले काही आठवडे चार-पाच दिवसांनी, मग पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी. तिसऱ्या वर्षापासून महिन्यातून एकदा, आणि दर वर्षी आळं थोडं बाहेर सरकवायचं. खोडाशी पाणी घातलं तर मुळं खोडाशीच बसतात. वाळू असेल तर दिवस कमी करा, चिकणमाती असेल तर वाढवा. माझ्या आकड्यांपेक्षा तुमची माती काय म्हणते ते खरं.

माती काय म्हणते ते पाहायला यंत्र लागत नाही. एक लांब सळई जमिनीत दाबायची. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी माती लागली की अडते. किती खोल गेली तेवढी ओल. वरची दोन इंच माती कोरडी दिसली म्हणून पाणी घालायला धावू नये. खाली ओल असू शकते, आणि वरची माती वाळणं हे तर मुळांना खाली जायचं आमंत्रण.

हिवाळ्यातलं पाणी आपल्या कल्पनेबाहेरचं आहे. पानं गळालेली असतात, बर्फ पडत असतो, आणि तरी महिनाभर काहीच पडलं नाही तर नव्या झाडाला पाणी द्यावं लागतं. जमीन गोठलेली नसेल आणि हवा ४ अंशांच्या वर असेल असा दिवस पाहून, दुपारी. कोवळ्या खोडाला नोव्हेंबर ते एप्रिल पांढरं वेष्टनही गुंडाळतात. थंडीसाठी नव्हे, उन्हासाठी! हिवाळ्यातलं दुपारचं तिरकं ऊन नैर्ऋत्येकडून सालीवर पडतं, तिथल्या पेशी वसंत आला समजून जाग्या होतात, आणि रात्री शून्याखाली गेल्यावर मरतात. साल उभी फाटते.

कातळाच्या फटीचं गणित अंगणातही करता येतं. १०० चौरस मीटरच्या छतावर २५ मिलिमीटर पाऊस झाला की सुमारे २,५०० लिटर पाणी पन्हाळीतून उतरतं. ते उथळ चर काढून झाडाच्या घेराकडे वळवलं की काम झालं. पिंपात साठवायचं असेल तर मात्र कायदा पाहावा लागतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्यावर ‘जो आधी आला त्याचा हक्क आधी’ अशी पद्धत आहे, आणि छतावरचा पाऊसही खालच्या कोणाच्या तरी हक्काच्या नदीचा मानला जात असे. कोलोराडोत घरगुती पिंपांना २०१६ मध्ये परवानगी मिळाली, तीही दोनच पिंपं, मिळून ११० गॅलन, म्हणजे साधारण ४१६ लिटर. युटात नोंदणी केली तर २,५०० गॅलनपर्यंत चालतं. हे अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

‘स्थानिक’ म्हणजे कुठला?

नर्सरीत ‘ॲरिझोना ॲश’ नावाने एक झाड सर्रास मिळतं. मखमली ॲश, फ्रॅक्सिनस व्हेलुटिना. ॲरिझोना म्हटलं की वाळवंट, म्हणून लोक ते कोरड्या अंगणात लावतात. पण हे झाड वाळवंटात ओढ्याकाठी वाढणारं. त्याची मुळं नदीच्या ओलीवर पोसलेली असतात. उष्णता त्याला चालते, कोरड नाही. कॅलिफोर्नियाच्या शहरांत याचाच ‘मोडेस्टो’ हा वाण एके काळी रस्तोरस्ती लावला गेला, आणि त्यावर करपा, मावा, बांडगूळ सगळं आलं. करंज किंवा जांभूळ नदीकाठी पाहून कोणी माळावर लावलं तर जे होईल, तेच. म्हणून रोप घेताना राज्याचं नाव ऐकून थांबू नये. त्या राज्यात हे झाड ओढ्यात उगवतं की कड्यावर, ते विचारावं.

आपल्या देशातही ॲश आहे. कुमाऊँ-गढवालकडे त्याला अंगू म्हणतात, तो ओलसर हिमालयातला. वायव्य हिमालयाच्या कोरड्या बाजूला फ्रॅक्सिनस झँथॉक्सिलॉइडिस ही लहान पर्णिकांची काटक जात वाढते आणि तिचा पसारा अफगाणिस्तान ओलांडून थेट उत्तर आफ्रिकेपर्यंत आहे. मात्र महाराष्ट्रात यांतलं काही लावायच्या फंदात पडू नये. या झाडांना हिवाळ्याची खरीखुरी थंडी लागते. माळावर लावायला हिवर, शमी, अंजन आहेत की.

बी आणि फ्रिज

थंडीची ही गरज बियाण्यातच दिसते. फळ म्हणजे एक चपटं, पंख असलेलं बी. वावळाच्या चकत्या ज्यांनी लहानपणी फुंकल्या आहेत त्यांना ते लगेच ओळखू येईल, कारण इथेही पंख बीच्या भोवतीने फिरतो. पिकून तपकिरी झालं की गोळा करायचं. राष्ट्रीय उद्यानांत बी काय, काटकीसुद्धा उचलायला बंदी आहे; कोणाच्या अंगणातलं झाड पाहून विचारून घ्यावं. बी तसंच पेरलं तर रुजत नाही. हिवाळा येऊन गेला याची त्याला खात्री पटावी लागते, नाहीतर शरद ऋतूतल्या एखाद्या उबदार आठवड्यात उगवून थंडीत मरायचं. ऑक्टोबरमध्ये बाहेर पेरून बर्फावर सोपवा, किंवा ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये तीन महिने किंवा थोडे जास्त ठेवा. आमच्याकडे ते श्रीखंडाच्या डब्यात होतं, आणि पाहुण्यांनी दोनदा उघडलं. उगवल्यावर खोल कुंडी लागते, कारण पानं दोन असतात तेव्हाच मूळ खाली धावत असतं.

आता लावावं का?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण याचं सरळ उत्तर नाही. ईशान्य आशियातून आलेला हिरवा चकाकणारा एक भुंगेरा, एमराल्ड ॲश बोअरर, २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि तेव्हापासून त्याने उत्तर अमेरिकेत कोट्यवधी ॲश मारले. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे खातात, अन्न वाहून नेणारा थरच तुटतो. बाहेर पडताना सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखं भोक, जेमतेम ३ मिलिमीटर. २०१३ मध्ये तो कोलोराडोतल्या बोल्डरमध्ये, म्हणजे रॉकी पर्वताच्या पायथ्याशी पोचला. आशियातले ॲश या किड्यासोबत वाढलेले, त्यांना थोडाफार प्रतिकार येतो. अमेरिकेतल्या ॲशना ही ओळखच नाही. एकपानी ॲश खडकाला जुमानत नाही, पण या भुंगेऱ्यापुढे तो टिकेलच असं गृहीत धरण्यात अर्थ नाही. खोडात औषध टोचून झाड वाचवता येतं, पण ते दर दोन-तीन वर्षांनी करत राहावं लागतं.

गावोगाव एकाच जातीची रांग लावल्याने नुकसान किती वाढलं, हे डेन्व्हरसारख्या शहराकडे पाहून कळतं. तिथे दर सहा झाडांत साधारण एक ॲश आहे. तेव्हा माझं मत असं: भुंगेरा तुमच्या गावाजवळ पोचला असेल तर नवा ॲश लावू नका. नसेल पोचला, तर इतर झाडांत मिसळून एखादा लावा. डेन्व्हरच्याच पाणीपुरवठा खात्याने १९८१ मध्ये कोरड्या बागेसाठी ‘झेरिस्केप’ हा शब्द घडवला. अशा बागेत गॅम्बेल ओक, कॅन्यन मेपल, डोंगरी महॉगनी, जाळीदार पानांचा हॅकबेरी ही सगळी इथलीच, कमी पाण्याची मंडळी एकत्र शोभतात. माझ्याकडे ॲशच्या दोन्ही बाजूंना ओक आणि महॉगनी आहेत. काही झालंच तर अंगण उघडं पडणार नाही.

आजारी आणि तहानलेलं झाड किडीला आधी सापडतं, त्यामुळे कडक उन्हाळ्यात मी अजूनही महिन्यातून एकदा सळई घेऊन जाते. ऑक्टोबरात पानं पिवळीधमक होतात आणि आठवड्याभरात गळतात. गेल्या वर्षी पहिल्यांदा बी धरलं. अप्पांना व्हिडिओवर दाखवलं.

“वावळ आहे की हा,” ते म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, “याला शेळ्या तोंड लावतात का?”

शेळ्यांचं ठाऊक नाही, पण हरणं लावतात. खोडाभोवती जाळी मारली आहे.